रिकाम्या रकान्यातली माणसं

माझा प्रश्न त्यांनी भिंतीवर लावला होता.

सोमवारी सकाळी ऑफिसात गेले. बाटली भरायला पाण्याच्या मशीनपाशी गेले तर तिथं चार-पाच जण उभे राहून हसत होते. काय गंमत आहे बघू म्हणून मीपण मान पुढं घातली. पांढरा कागद, मोठी अक्षरं. वर 'आजचं रत्न'. खाली मी शनिवारी ट्रेनिंगमध्ये विचारलेला प्रश्न, जसाच्या तसा: 'सर, रूबीत शून्य खरं धरत्यात म्हंजी काय? शून्याला काय खरं आन् काय खोटं?'

माझं 'म्हंजी' आणि 'आन्' मुद्दाम ठेवलं होतं. त्याच्याखाली लाल पेनानं रेघ.

मागनं सर आले. हातात कॉफीचा मग. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मेंढरं मोजणाऱ्यांच्या घरातून कोडिंगला आल्यावर हे असंच व्हायचं."

सगळे हसले. मीपण हसले.

आज इतक्या दिवसांनी सरांच्या बोलण्याची चीड येते. पण लाज येते ती माझ्या हसण्याची. बाटली अर्धीच भरली होती. तशीच घेऊन जागेवर येऊन बसले.

आमचं ऑफिस शिक्रापूरला हायवेवर, टायरच्या दुकानाच्या वर. खालनं ट्रेलर गेला की काचा वाजतात. कारखान्यांना लागणारे प्रोग्रॅम आम्ही बनवतो, रूबी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत. सर म्हणजे मालकाचे पुतणे. घरी कॅनॉलकाठचा बारमाही ऊस, दुसरे चुलते सोसायटीत संचालक, शिक्षण पुण्यात, बोलणं अर्धं इंग्रजीत. आणि मी कुरकुंभजवळच्या एका वाडीतली. दौंडच्या कॉलेजात कॉम्प्युटर घेऊन बीएस्सी झालेली. आमच्या आख्ख्या भावकीत मेंढरामागं न जाता खुर्चीवर बसणारी पहिली. हे मी कौतुकानं सांगत नाही. पहिल्या माणसाला विचारायला घरात कुणी नसतं, म्हणून सांगते.

मी विचारायचे. सुरुवातीला खूप विचारायचे. सातला दोननं भागलं तर रूबी तीन कसे सांगते, वरचा अर्धा कुठं गेला? तुकडा संपला हे सांगायचं 'एन्ड' नेमकं किती वेळा लिहायचं? माणसाकडनं नाव टाईप करून घेतलं की त्याच्यामागं एक रिकामी ओळ चिकटून का येते? नवशिक्याला हेच पडतात की प्रश्न! माझ्यासोबत लागलेल्या पुण्याच्या मुलीनं सातला दोननं भागायचाच प्रश्न विचारला होता. तिला सरांनी शेजारी खुर्ची ओढून समजावलं. माझा तोच प्रश्न भिंतीवर गेला. महिन्याभरात चार कागद लागले. चारही माझे.

शिरूरची शीतल माझ्यासोबत खोलीवर राहायची, ऑफिसातही शेजारीच बसायची. ती म्हणाली, "अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची. कशाला विचारतीस? मोबाईलवर बघ आणि गप बस."

मी गप बसले. आणि तिथनं भीती सुरू झाली.

भीती म्हणजे काय असते ते सांगते. स्क्रीनवर लाल अक्षरात एरर आली की मान आपोआप मागं वळायची, सर बघतात का म्हणून. त्यांच्या बुटांचा आवाज मी पंख्याच्या घरघरीतनं ओळखायचे. आवाज आला की स्क्रीन खाली सरकवायची. एरर काय सांगतीय ते वाचायचंच नाही, आधी ती दिसेनाशी करायची. एरर म्हणजे मशीन आपल्याला सांगत असतं की बाई, इथं घोळ आहे. मला मात्र ती एरर म्हणजे भिंतीवरचा पुढचा कागद वाटायची.

आमच्या आबांची, म्हणजे माझ्या आज्याची, तेव्हा फार आठवण यायची. आबांना अंक येत नव्हते. खरंच येत नव्हते. पण दिवस मावळायच्या आधी मेंढरं जाळीच्या आत शिरायला लागली की आबा तोंडाशी उभे राहायचे. किती आली हे त्यांनी कधीच म्हटलं नाही. शेवटचं मेंढरू आत गेलं की एवढंच विचारायचे, "कोण आलं न्हाई?" आणि स्वतःच सांगायचे, "ती कानफाटी न्हाई आली." मग कानफाटीला हुडकून आणल्याशिवाय कुणी भाकरीला बसायचं नाही. सर म्हणाले ते खरंच होतं. आम्ही मेंढरं मोजणारेच.

आबा गेले, मेंढरं गेली, आप्पा कंपनीत लागले. आप्पा म्हणजे माझे वडील. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत, ठेकेदाराकडं. टाक्या धुवायच्या. आत उतरून, पाइपानं. अकरा वर्षं झाली. घरी आले की आई अंगणातच कपडे काढायला लावते, वासानं डोळे चुरचुरतात. मी ऑफिसात हे कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "वडील कंपनीत आहेत." ऐकणाऱ्यानं काय समजायचं ते समजावं.

आणि घ्या! त्याच कंपनीचं काम आमच्या ऑफिसला मिळालं.

काम असं होतं. गॅस सुटला, आग लागली, की भोंगा होतो. सगळ्यांनी गेटजवळच्या मैदानात जमायचं आणि तिथल्या मशीनवर आपलं कार्ड लावायचं. सकाळी आत कोण कोण गेलं त्याची यादी प्रोग्रॅमकडं असते. त्यातनं कार्ड लावलेली माणसं वजा होतात. जे राहतील त्यांची नावं मोठ्या स्क्रीनवर लाल. कुणीच राहिलं नाही की स्क्रीन हिरवी: 'सर्व बाहेर'. लाल असेल तर माणसं मास्क लावून आत शोधायला जातात. हिरवी असेल तर गेट बंद. कुणी आत जात नाही.

सकाळची यादी वाचून घ्यायचा तुकडा माझ्याकडं आला. यादी कंपनीचे टाइमकीपर मामा बनवायचे, एक्सेलमध्ये. नाव, कार्ड नंबर, विभाग. मी प्रत्येक ओळ वाचायची, विभागाच्या मागच्या-पुढच्या मोकळ्या जागा छाटायच्या, पुढं द्यायची. सोप्पं काम.

तिसऱ्याच मिनिटाला एरर. निलवर ही मेथड, म्हणजे ते छाटणं, चालत नाही.

विभागाचा रकाना रिकामा होता. का होता, ते मला एका नजरेत कळायला हवं होतं. मामा वीस वर्षं कागदाच्या रजिस्टरवर काम केलेले. ठेकेदाराच्या टोळीत पहिला मुकादम लिहायचा, त्याच्यापुढं 'टाकी सफाई' असा विभाग लिहायचा, आणि खालच्या माणसांपुढं तो रकाना कोरा सोडायचा. कोरा म्हणजे वरच्यासारखाच. आमच्याकडं सोसायटीत, पतपेढीत, लग्नाच्या आहेराच्या वहीत असंच लिहितात. वाचणाऱ्याला कळतं. रूबीला कळत नाही. रूबीला तिथं काहीच नाही. निल.

विचारायला उठले मी. सरांच्या केबिनपर्यंत गेले. काच होती, आत ते फोनवर हसत होते. माझा हात काचेजवळ गेला आणि तिथंच थांबला. पाचवा कागद डोळ्यांसमोर आला. 'सर, रिकाम्या रकान्याचं काय करायचं?' परत फिरले. पाण्याच्या मशीनशी गेले. परत आले. परत केबिनपर्यंत. 

मग मोबाईलवर शोधलं. तिथं इंग्रजीत कुणीतरी लिहिलेलं: रेस्क्यू टाका आणि पुढच्या ओळीवर जा. रेस्क्यू म्हणजे एरर आली तर प्रोग्रॅम थांबवायचा नाही, ती झेलायची. झेलून काय करायचं ते आपण ठरवायचं. मी काय ठरवलं? काहीच नाही. ओळ सोडून द्यायची, पुढं जायचं. इंटरनेटला काय माहीत, आमचे मामा रकाना कोरा का सोडतात!

दोन शब्द टाकले. लाल अक्षरं गेली. जीवाला कसं गार वाटलं. यादीत आप्पांचं नाव आहे का, हे मी बघितलं नाही. खरं सांगते, मुद्दाम बघितलं नाही. ते नाव माझ्या स्क्रीनवर आलं, माझ्या आडनावासकट, आणि मागनं कुणी वाचलं तर? भराभर खाली सरकवलं आणि काम पाठवून दिलं.

सर म्हणाले, "शाबास. शिकतेयस की." चार महिन्यांत पहिल्यांदा. मी दिवसभर त्या एका शब्दावर जगले.

पुढच्या आठवड्यात ते मला कुरकुंभला घेऊन गेले. मोठ्या स्क्रीनला लॅपटॉप जोडायचा होता. गाडीत पाठीमागं बसले, लॅपटॉप मांडीवर. मनात एकच, आप्पा समोर येऊ नयेत. अशी पोर मी!

अकराच्या सुमाराला भोंगा झाला.

मी लहानपणापासून तो भोंगा वाडीतनं ऐकलाय. गेटच्या आत तो वेगळाच वाजतो. छातीच्या फळीत वाजतो. माणसं पळत यायला लागली. कुणी नाकाला रुमाल लावलेला. कार्ड लावल्याचा टीं-टीं आवाज. स्क्रीनवर लाल नावं, एकेक करत कमी होत गेली. शंभर, साठ, दहा, दोन. आणि हिरवी. 'सर्व बाहेर'.

कंपनीचे मॅनेजर म्हणाले, "व्हेरी गुड." सरांनी त्यांच्याशी हात मिळवला. सिक्युरिटीवाला गेट ओढायला लागला.

मी मैदानाकडं बघत होते. पांढरी हेल्मेटं. सगळी पांढरी. कंपनीच्या माणसांना पांढरं, ठेकेदाराच्या माणसांना पिवळं. आप्पांचं पिवळं हेल्मेट मी घरी खुंटीला बघितलेलं, आत आईनं फडकं शिवलेलं. आख्ख्या मैदानात पिवळं एकच होतं. ते मुकादमाचं.

 मी त्याच्याकडं पळत गेले. "बाकीचे कुठायत?"

तो म्हणाला, "आतच हायेत की. टाकी धुत्यात. माजं नाव लाल दिसलं म्हून मला तेवढं बोलावलं."

"भोंगा झाला ना!"

"भोंगा कंपनीच्या मान्सांचा असतो, ताई. आमच्यास्नी कोण सांगितल्याबिगर कुटं यायचं?"

तेवढ्यात मला सगळं दिसलं. मुकादमापुढं विभाग लिहिलेला. खालचे रकाने कोरे. कोरा म्हणजे निल, निल म्हणजे एरर, एरर म्हणजे माझं रेस्क्यू, आणि पुढची ओळ. मी सोडून दिलेल्या त्या ओळी म्हणजे ती माणसं होती. आत गॅस असेल आणि माझा बाप टाकीच्या तळाशी असेल, आणि मी लिहिलेली स्क्रीन सगळ्यांना सांगत होती की आत कुणी नाही.

भिंतीवरच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं उन्हात मिळालं. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. म्हणून शून्य खरं. निल म्हणजे मोजलंच नाही, म्हणून ते खोटं. माझा बाप अकरा वर्षं शून्यसुद्धा नव्हता.

मी सरांना म्हटलं, "सर, आत माणसं आहेत."

ते ओठ न हलवता बोलले, "स्क्रीन हिरवी आहे ना? मग गप्प उभी राहा."

मला काय वाटलं सांगू? भीती वाटली. धाडस-बिडस काही नाही. आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. सरांची भीती होतीच, पण तिच्यापेक्षा मोठी भीती अंगात शिरली होती आणि लहानीला उभं राहायला जागाच उरली नाही. मी ओरडले. म्हंजी अक्षरशः ओरडले. "गेट लावू नका! स्क्रीन खोटी हाय! मी लिवलीय ती, मला म्हाईत हाय! आत माणसं हायेत!"

सगळं मैदान वळलं. माझं 'हाय' आणि 'लिवलीय' सगळ्यांनी ऐकलं. ऐकू दे.

लॅपटॉप तिथंच बाकावर उघडला.  रेस्क्यू काढलं. रकाना रिकामा असेल तर 'विभाग माहीत नाही' लिही, पण ओळ सोडू नको, असं केलं. चालवलं तर एरर. एक 'एन्ड' विसरले होते. तेच, भिंतीवरच्या प्रश्नातलं. सर मागं उभे, माझ्या मानेवर त्यांचा श्वास. ह्या वेळी स्क्रीन सरकवली नाही. एरर शांतपणे वाचली, कोणत्या ओळीवर आहे ते बघितलं, 'एन्ड' टाकलं.

स्क्रीन लाल झाली. एकोणीस नावं. सातवं आप्पांचं.

मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. माणसं मास्क लावून आत पळाली. किती वेळ गेला मला माहीत नाही, मी जीव मुठीत धरून त्या सातव्या ओळीकडं बघत होते. मग शेडच्या मागनं पिवळी हेल्मेटं यायला लागली. एकामागं एक. ओली, फेसानं माखलेली, कुरकुरत, "काम अर्धं टाकून कशाला बोलवलं?" मी एकेक तोंड बघत होते. आप्पा शेवटून दुसरे. कार्ड लावलं. त्यांचं नाव स्क्रीनवरनं गेलं तेव्हा कुठं मी बाकावर बसले.

आप्पांनी मला बघितलं. जवळ आले. म्हणाले, "तू हितं काय करतीस?" आणि मग शेजारी उभ्या सरांकडं बघून हेल्मेट काढलं. माझ्या बापानं त्या माणसाला हेल्मेट काढून नमस्कार केला.

नंतर कळलं की ती ड्रिल होती. गॅस-बिस काही सुटला नव्हता. तपासायला भोंगा वाजवलेला. मला तेवढं सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी घरी गेले. आप्पा ओट्यावर बसलेले. म्हटलं शाबासकी देतील. ते हळूच म्हणाले, "कशाला बोललीस बाय? तुजी नोकरी जायील. आमचं काय, आमी हाय हितंच." माझ्यापेक्षा ते जास्त घाबरले होते. मग कळलं, ही भीती मी ऑफिसात नव्हती कमावली. ती घरातनंच नेली होती डब्यासोबत.

दुसऱ्या दिवशी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं काढून टाकणार. नाही. उलट गोड बोलले. "बस. पाणी घे. काल तू घाबरलीस, वडील आत होते, समजू शकतो. सांगायचं नाही का आधी?" मग म्हणाले, "कंपनीचा फोन होता. ठेकेदाराची माणसं त्यांच्या मोजणीत धरायची नाहीत. तपासणीला सरकारी साहेब येतात, लाल दिसलेलं बरं दिसत नाही. तू आधी जे केलं होतंस तेच बरोबर होतं. ते रेस्क्यू परत टाक. पाच मिनिटांचं काम आहे."

 काल जी माझी चूक होती, ती आज ऑर्डर होऊन आली होती. मी अडाणी होते म्हणून ती माणसं गळली, असं मी रात्रभर स्वतःला शिव्या घालत होते. आणि इथं शिकलेली, इंग्रजी बोलणारी माणसं त्यांना जाणूनबुजून गाळा म्हणत होती.

भीती वाटली. वाटली, खोटं कशाला बोलू? मी उठले, केबिनचं दार उघडलं आणि दारातच उभी राहिले. बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"सर, एक प्रश्न आहे."

"आत ये आधी."

"न्हाई. हितनंच विचारते. भोंगा झाला, स्क्रीन हिरवी झाली, गेट लागलं. मग टाकीतल्या माणसाला बाहेर काढायला कोण जाणार?"

 शीतलनं मान खाली घातली. 

"छापा की सर. पाचवा कागद लावा. आणि खाली माझं नाव घाला, ह्या बारीला लाजणार न्हाई मी."

जागेवर येऊन मी तेच मेलवर लिहिलं. सरांना, मालकांना आणि त्या कंपनीच्या मॅनेजरना. चूक माझी होती, कशी झाली, का विचारलं नाही, ते सगळं. भिंतीचंसुद्धा. आणि शेवटी, ते रेस्क्यू मी परत टाकणार नाही.

उत्तर अजून आलेलं नाही. मी रोज जाते. सर माझ्याशी बोलत नाहीत. मला कुठलं काम देत नाहीत. माझ्या जागेवर कुणाला बसवायचं ते बघतायत, असं शीतल म्हणते. भिंतीवरचे चार कागद अजून तिथंच आहेत, मी काढलेले नाहीत. बुटांचा आवाज आला की अजून दचकते.

पण त्या एकोणीस ओळींतली एकही ओळ माझ्या हातानं जाणार नाही. मला काढायचं तर काढा, आणि का काढलं ते लिहून द्या. उद्या दुसऱ्या ऑफिसात बसेन, परवा तिसऱ्या. जिथं बसेन तिथं, स्क्रीन हिरवी झाली की मी उभी राहणार आणि सगळ्यांसमोर, माझ्याच बोलीत विचारणार: कोण आलं न्हाई?